कडुनिंब डावीकडे

पोर्ट सुदानात, बतूलच्या चहाच्या बाकड्यांवर
फोन हातोहात फिरतो.
ओमदुरमानमधली आमची गल्ली, जळताना.
धूर देखणा. रडणाऱ्या मुलाच्या गालावर
लग्नाच्या फोटोतला उजेड.

सिर अल-खातिम चष्मा पुसतो, परत बघतो.
"कडुनिंब डावीकडे आहे.
माझ्या दाराच्या तो उजवीकडे.
चाळीस वर्षं टॅक्सी त्याच्या सावलीत लावली,
मला बाजू कळत नाही?"

तोवर चित्र समुद्र ओलांडून गेलेलं.
मीही पुढे धाडलं होतं,
रडून.

तिसऱ्या रात्री भाच्याचा फोटो आला, मुझम्मिलचा.
हललेला. कोपऱ्यात त्याचाच अर्धा अंगठा.
भिंत नाही.
कडुनिंब उजवीकडे, शेंड्यापर्यंत काळा.

म्हाताऱ्यानं तो एकेकाला दाखवला.
शेजारचा पोरगा, तसा भला,
डोळे बारीक करून म्हणाला,
"काका, हेही यंत्रानंच काढलं असेल.
आता काय, काहीही काढतात."

बतूल आलं ठेचत राहिली,
लागतं त्याहून कितीतरी जास्त.

सिर अल-खातिम उठला.
उजवा हात जरासा बाहेर गेला,
घरातून निघताना
खोडाला लागायचा तेवढाच,
आणि तिथे थांबला.