आकाशचिन्ह विभाग

बारा रुपये चौरस फूट.
देव असला तरी तेवढेच, नसला तरी.
खळदकर बाईंनी कागद काउंटरवर ठेवला, घड्या सरळ करत,
पेन्शनचे पैसे रुमालात.
मजकूर असा:
‘मला देव भेटला नाही.
तुम्हाला भेटला असल्यास या, बोलू.
दुपारी एक ते चार येऊ नये.’
खाली नवी पेठेतला पत्ता, कितवा जिना त्यासकट.

धनवडे शेठनी आधी मॉनिटरवरच्या गणपतीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
“छाप,” म्हणाले, “पण खाली प्रेसचं नाव नको.”

मी अक्षरं लावते. नऊ वर्षं झाली.
माझ्या फोल्डरांत वाढदिवस आहेत, दहावे आहेत,
हरिनाम सप्ताह, उरूस, नाताळ,
आणि एकच उगवता सूर्य, सगळ्यांच्या मागे टाकायला.
बाईंच्या मजकुरामागे काय टाकावं सुचेना.
“काही नको,” त्या म्हणाल्या, “पांढरं राहू दे.
तेवढ्यावरच तर वाद आहे.”

महापालिकेत खरंच असा विभाग असतो, आकाशचिन्ह.
तिथल्या कारकुनाने ना हरकत पत्र मागितलं.
कुणाची हरकत, बाईंनी विचारलं.
अजून कुणाचीच नाही, तो म्हणाला, म्हणून तर पत्र हवं.
पंधरा दिवस, शिक्का, पावती.
आभाळ भाड्याने मिळतं हे मला तेव्हा कळलं.

म्हात्रे पुलाजवळच्या सांगाड्यावर इलाहीने फ्लेक्स बांधला,
फजरची नमाज पढून, थेट तिथेच आलेला.
“वाचलंस का?” मी खालून ओरडले.
“वारा कोपऱ्यापासून वाचतो, ताई. डबल गाठ मारलीय.”

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी खांबावर कुणीतरी खडूने लिहिलं:
‘असल्यास’नंतर स्वल्पविराम हवा.
बाई इतक्या खूश झाल्या की पेढे घेऊन आल्या,
देवळासमोरच्या दुकानातले. तिथले चांगले असतात.

चौथ्या दिवशी चौकीतून फोन.
मजकूर तुम्ही टाईप केला?
हो.
तुम्ही हे मानता?

त्याच आठवड्यात मी टाईप केलं होतं
की भाऊ म्हणजे प्रभागाला लाभलेला अवतार,
की कुणा आजोबांना वैकुंठात जागा मिळाली,
की अमुक ताईंच्या पावलांनी ड्रेनेज लाईन पावन झाली.
तेव्हा मी काय मानते
कुणी विचारलं नव्हतं.
हे मी फोनवर बोलले नाही.
“शुद्धलेखन मी पाहिलं,” एवढंच म्हणाले.
बाकीचं रात्री भाकरी थापताना बोलले, मोठ्याने,
तव्याला.

फ्लेक्स कुणी फाडला नाही.
सहाव्या रात्री त्याच्यावर भाऊ चढले,
बेचाळीस शुभेच्छुकांसह, विनापरवाना,
इलाहीच्याच गाठींना लोंबकळून.
तक्रारीची पोच बाईंकडे आहे.

आला एकच माणूस. साडेतीनला आला.
बाईंनी त्याला अर्धा तास जिन्यात बसवून ठेवलं.
नंतर मी विचारलं, तर म्हणाल्या,
आधी थोडा रडला, मग त्याच्या देवाबद्दल बोलला,
फार चांगलं बोलला.
“पटलं?”
“छे. दुसऱ्यांदा चहा टाकला.”

दिवाळीनंतर नळस्टॉपच्या पुढे
पेरूच्या एका गाडीला ओळखीचं पांढरं छप्पर दिसलं.
अक्षरं आतल्या बाजूला, दोन्हीकडून कापलेली.
अर्धा किलो निवडताना मान वर करून वाचलं:
‘टला असल्यास या, बो’

स्वल्पविराम अजून नव्हताच.
पर्समध्ये मार्कर असतो माझ्या.
“दादा,” मी म्हटलं, “ते स्टूल द्या जरा.”