उजेडाकडे धरून

कापड असतं तर उजेडाकडे धरलं असतं.
कुठं विरलंय, कुठं आधीच कुणी धागा घालून ठेवलाय,
तीस वर्षं तेच बघतेय, शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत,
रफू आणि अल्टरच्या दुकानात.
गाडी उजेडाकडे धरता येत नाही.
तिच्याभोवती दोनदा फिरले,
दिरानं टायरला लाथ मारायची म्हणून मारली.
नेजदार सर म्हणाले, "काहीसुद्धा काम नाही बघा,"
आणि रुमालानं आरसा पुसून किल्ली दिली.

एक लाख सत्तर. भिशीचे ऐंशी, बाकी पाटल्या.

आठवडा नाही झाला, कावळा नाक्यावर
सिग्नल हिरवा आणि ती बंद.
मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांचं गाणं,
बुलेटवरनं उतरलेला एक पोरगा,
"मावशी, न्यूट्रल करा फक्त,"
ढकलून कडेला लावली आणि गेला.

मग सुरूच झालं.
फॅन. फॅनसाठी उघडलं तर रेडिएटर.
रेडिएटर उतरवला तर त्याचा पाइप
बिस्किटासारखा हातात आला.
उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्री, चष्मा कपाळावर:
"ताई, जुन्या गाडीत सुटं काम नसतंय.
एक नट ढिला केला की शेजारचा म्हणतोय, माझं काय?"
हे मला सांगायला नको होतं.
नुसती बाही सैल करायला घ्यावी
आणि काखेतनं अख्खा ब्लाउज उसवत यावा,
कितीदा झालंय.

बिलं पिनकुशनला टोचून ठेवली.
चार हजार दोनशे. नऊशे.
परत नऊशे, कारण पहिला पार्ट दुसऱ्याच मॉडेलचा निघाला
आणि एकदा बसवलेला घेत नाहीत.
पाटल्यांचा विचार करायचा नाही असं ठरवलेलं;
डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की तो यायचाच.

गौरी दोन दिवसांवर. चाळीस ब्लाउज पोचवायचे,
आणि गाडी दारात ढिम्म.
रिक्षा केली, जवाहरनगर गाठलं,
सरांची बिनपाण्यानं करायचीच म्हणून.
त्यांनी ऐकून घेतलं. चपला घातल्या.
त्याच रिक्षात बसून आले.

बॉनेट उघडलं, आत बघितलंही नाही.
ड्रायव्हर सीटखालनं एक लाकूड काढलं,
जे मी कचरा म्हणून दोनदा टाकायला निघाले होते,
खाली कुठंतरी दोन ठोके घातले.
"मारा आता."
लागली.

मग उभ्याउभ्याच सांगितलं.
काटा अर्ध्यावर म्हणजे पेट्रोल संपलंच.
मागची डावी काच उतरवायची नाही, वर येत नाही.
पन्हाळ्याच्या चढाला एसी बंद.
पहाटे किल्ली दोनदा खोटी, तिसऱ्यांदा खरी.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

सर गोंधळले. खरोखरच गोंधळले.
"हे काम नव्हे हो. ही तर सवय."

चौदा वर्षांत बिघाड मोजायचेच विसरले होते.
माझं भांडण तसंच राहिलं तोंडात,
ओठांत धरलेल्या टाचणीसारखं.
जाताना वळून विचारलं,
"डावीकडं वळताना हॉर्न अजून आपोआप वाजतोय?"
हो म्हटलं. बरं वाटलं त्यांना.

परवा जाऊबाईंचा भाचा आला गडहिंग्लजहून,
गाडी हवीय म्हणाला. काही काम आहे का, मामी?
मी हेम घालत होते. मान वर न करता म्हटलं,
"काहीसुद्धा नाही."

आणि सुई तिथंच थांबली.

कुणाचा आवाज होता तो?
दोन वर्षंच झाली होती मला.

पोरा, स्टूल ओढ. त्या खोक्यातली पावतीबुकं घे,
मागची बाजू कोरी आहे.
लिही:
सीटखाली एक लाकूड आहे.