रहाड

वर्षभर आमच्या चौकाखाली एक हौद झोपलेला असतो.
वर सागाच्या फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर स्कूटर,
भेळेची गाडी, वाढदिवसाचा फलक.
नवख्याला सांगावं लागतं:
अहो, तुम्ही दोन पुरुष खोलीवर उभे आहात.

होळी विझली की माती उकरायची,
रंगपंचमीला फळ्या निघायच्या.
त्र्यंबककाका तांबट आदल्या रात्रीपासून
हंड्यात पळसाची फुलं उकळत बसायचे.
पेठच्या रानातून यायची फुलं,
पोत्यात अजून मुंग्या असायच्या.
हा रंग अंगाला लागला की उन्हाळा बाधत नाही, म्हणायचे.
आम्हाला ते खरं वाटायचं,
आणि बाधायचाही नाही.

आणखी एक रीत होती, कुठे लिहिलेली नाही.
ज्यांचं वर्षभर बोलणं बंद
त्यांनी पहिला धप्पा मारायचा. हात धरून.
माझे वडील आणि शेजारचे सुकदेव भावसार
पन्हळीवरून अकरा महिने भांडले,
तुझं पाणी माझ्या भिंतीवर, माझी भिंत तुझ्या डोळ्यात,
आणि बाराव्या महिन्यात काठावर उभे राहिले
एकमेकांची बोटं
विंचू धरावा तशी धरून.
धप्पा!
वर आले तेव्हा कोण कुठला ते कळेना.
आई चुकीच्या माणसाला टॉवेल देऊन आली.

पन्हळ काही बदलली नाही.
फक्त पावसाळ्यात सुकदेवकाका खिडकीतून हाक मारायचे,
"आलं रे तुझं पाणी!"

आता मी मंडळाचा खजिनदार आहे.
म्हणजे हे दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नाहीये.
डीजेचा इसार मी दिला, पावती माझ्या खिशात आहे.
रंग येतो कारखान्यातून,
पोत्यावर बारीक अक्षरात: हातमोजे वापरा.
मनगटाला पट्टी असेल त्याला आत सोडतात.
पट्टीचे तीन भाव, तीन रंग;
हौदात उतरण्याआधीच
माणसं रंगाने वेगळी.
पूजा होते. होत नाही असं नाही.
नारळ फुटतो, आवाज कुणाला येत नाही,
म्हणून कॅमेऱ्यासाठी दुसरा फोडतात.
संकल्प कुठवर आला ते मी
गुरुजींच्या ओठांवरून ओळखतो.

आणि काठाच्या त्या बाजूला माझा भाऊ, जयवंत.
त्याचं वेगळं मंडळ, वेगळे टी-शर्ट.
घर वाटलं, भांडी वाटली,
वडिलांचा फोटो तेवढा वाटता आला नाही
म्हणून दोघांच्याही फलकावर तोच.
चौथं वर्ष. बोलणं नाही.

यंदा त्र्यंबककाका आले
नातीच्या खांद्याला धरून, हातात स्टीलचा डबा.
माझ्या कानाशी काहीतरी बोलले.
मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली,
देवळात पुराण ऐकताना हलवतो तशी.
त्यांनी डबा हौदात उपडा केला.
एवढ्या गुलाबीत तेवढं केशरी
क्षणभर दिसलं.
मग पोरांनी त्यांना बाजूला घेतलं, अगदी आदराने.
पट्टी नव्हती.

काय बोलले असतील?
मी काठापलीकडे पाहिलं.
जयवंतही काकांकडेच पाहत होता.
मधे दोन पुरुष खोल गुलाबी पाणी,
त्यात कुणाकुणाचे मोबाइल उंच धरलेले हात.

रात्री फळ्या लावायच्या होत्या.
एक फळी एकट्याला उचलत नाही.
पोरं पांगलेली, मजूर डीजेच्या गाडीबरोबर गेलेले.
जयवंतने दुसरं टोक धरलं.
"सावकाश," म्हणाला.
फळीला म्हणाला असेल.

सोळा फळ्या.
शेवटची टेकवताना मी फटीतून आत पाहिलं.
काळोख, आणि काळोखावर तरंगणारं काहीतरी छोटं, वाकडं:
पळसाची पाकळी,
नाहीतर आइसक्रीमचा चमचा.

त्याने फावडं घेतलं. मी घमेलं.
काय होतं ते बघायला आता
वर्षभर थांबायचं.