दहापैकी साडेसहा

दांडिया बाजारात चष्म्याच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर आमचा इंग्लिशचा क्लास.
पंखा एक, विद्यार्थी चौदा,
त्यात साडी नेसलेली मी एकटी.
फॉर्मवर वयाची जागा मी कोरी ठेवली
आणि सोलंकी सरांनीही ती कोरीच राहू दिली.

मंगळवारी मुलाखतीचा सराव.
ध्रुविल साहेब, मी उमेदवार.
तो एकोणीस वर्षांचा, गळ्यात काकांचा टाय.
म्हणाला, टेल मी अबाउट युअरसेल्फ.

स्वतःबद्दल?
हा प्रश्न घरी कधी आलाच नाही,
त्यामुळे तयारी नव्हती.
माय नेम हेमांगिनी शिर्के, इथवर ठीक.
पुढे मग नवऱ्याचं खातं, सासूबाईंचं गाव,
मुलाचे बारावीचे मार्क.
सर म्हणाले, मॅडम, यात तुम्ही कुठे?
सगळे हसले. मीही हसले,
पदराची पिन चाचपत.

व्हॉट इज युअर वीकनेस?
हिमोग्लोबिन नऊ, मी म्हटलं.
खरंच होतं ते.
सर म्हणाले, असं नाही सांगायचं,
दोष असा सांगायचा की ऐकणाऱ्याला गुण वाटावा.
हां, म्हणजे बघण्याच्या वेळी सांगतात तसं:
मुलगी जरा अबोल आहे.
एवढं येतं मला.

गुरुवारी पटवून देण्याचा सराव.
बिस्किटांच्या जुन्या डब्यातून चिठ्ठी काढायची.
कुणाला हेल्मेट आलं, कुणाला मोबाईलचे तोटे.
मला आलं: शहर सोडून निघालेल्या मित्राला थांबवा.
तीन मिनिटं.
मित्र कोण, तर ध्रुविल.
त्याची फाईल खरोखरच आणंदच्या एजंटकडे पडलेली,
जानेवारीत कॅनडा.

उभी राहिले.
भाजीवालीशी मी गुजरातीत घासाघीस करते,
गॅसवाल्याशी हिंदीत भांडते,
आणि मराठीत नुसत्या एका 'बरं'वर
अख्खं घर इकडचं तिकडे करते.
इंग्रजीचे मात्र दीडशेच शब्द गाठीला,
त्यात आडवळणाचा एकही नाही.
म्हणून सरळच म्हणाले:

डोन्ट गो.
मदर पुट टू प्लेट.
देन वन प्लेट शी टेक बॅक.
एव्हरी डे शी फर्गेट, एव्हरी डे टेक बॅक.
फोन इज ओन्ली फेस.
फेस इज नॉट
पुढचा शब्द आठवेना,
तेव्हा तळहात पुढे केला, तसाच धरून ठेवला.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं,
किक मारत होतं, मारत होतं.
ध्रुविलने टायची गाठ सैल केली.
नियमाप्रमाणे त्याने एक मिनिट उलट मुद्दे मांडायचे.
सर, पास, म्हणाला.

सरांनी फळ्यावर माझ्या चुका लिहिल्या.
'ए' नाही, 'द' नाही,
क्रियापदांना 'एस' नाही.
आवाज चांगला, डोळ्यांत बघणं चांगलं.
दहापैकी साडेसहा.

निहार गेला त्या रात्री
मराठी होती माझ्याकडे, सगळी,
अगदी म्हणींसकट.
मी त्याला म्हटलं होतं,
स्वेटर अंगातच घाल,
अंगातलं वजनात धरत नाहीत.

क्लास सुटला. जिन्यात ध्रुविल
वाकून बुटाची नाडी बांधत होता, बराच वेळ.
वर न बघता म्हणाला,
आंटी, सरे मार्क ओछा आप्या.
मी म्हटलं, अरे, 'द' राहिला ना.
मग तो म्हणाला, आवजो.
मी म्हटलं, येते.

निघताना आम्ही दोघंही येण्याचंच बोलतो.
इंग्रजीत त्या वेळी काय म्हणतात
ते पुढच्या मंगळवारी आहे.