गेलेल्या पाण्याची वही

बागडेंकडे पावसाची वही होती,
माझ्याकडे गेलेल्या पाण्याची.
सोनेगावच्या वेधशाळेत, तारेच्या कुंपणाआत,
एकाच उन्हात आमची दोघांची दुकानं:
त्यांचं नळकांडं, माझी परात.
मधे एक चिंच होती,
उपकरणांवर सावली नको म्हणून तोडलेली.

परात पत्र्याची, पांढरी, चांगली ऐसपैस,
वर जाळी, कावळ्यांनी पिऊ नये म्हणून.
सकाळी साडेआठला जायचं,
आतल्या सुईच्या टोकापर्यंत
मापानं पाणी भरायचं,
आणि जेवढं भरलं तेवढं लिहायचं: गेलं.

डिसेंबरात तीन मिलिमीटर.
होळीला सात.
नवतपात सोळा, सतरा, एकदा तर एकोणीस.
त्या दिवशी मी जाळी चाचपून पाहिली होती.

पावसाळ्यात पेपरवाले बागडेंना फोन करायचे,
किती झाला हो?
बागडे घसा साफ करून आकडा सांगायचे,
जसा काही स्वतःच पाडलाय.
आज किती गेलं,
हे मला कधी कुणी विचारलं नाही.

वर्षअखेरीला बेरीज.
आलं अकराशे, गेलं दोन हजारांवर.
बागडे चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे,
"काहून बाप्पा, आलं त्याच्या दुप्पट गेलं कसं?
मॅडम, तुमचा हिशेब चुकून राहिला."
चुकला नव्हता.
वरचं सगळं मीच तर ओतलेलं, बादलीनं.
बादली नळाची, नळ कन्हानचा,
आणि कन्हान कुठली
ते बागडेंच्या वहीत.

मेच्या शेवटी एक दिवस ते हाक मारायचे,
"या मॅडम, सावली जाऊन राहिली."
बारा वाजून दहा मिनिटं.
काचेचं मोजपात्र ते सिमेंटवर उभं करायचे,
महिनाभर कोरडं पडलेलं.
सावली आकसत बुडाशी यायची, बुडाखाली शिरायची.
आम्ही दोघं आपापल्या चपलांवर उभे,
जमिनीवर आमची काही खूण नाही.
मिनिटभर.
मग पश्चिमेला बुडालेली ती
पूर्वेकडून बारीक धारेसारखी निघायची
आणि बागडे म्हणायचे, "चला, आली बुवा."

सूर्य जुलैत परत फिरतो
तेव्हाही हेच घडतं, दहा मिनिटं उशिरानं.
पण वर ढग असतात.
ते पाहायला कुणी कुणाला बोलावत नाही.

बागडे नवतपातच गेले.
घाटावर लाकडं लगेच धरली,
हवेत ओल अशी नव्हतीच.
मला सवय वाईट, उभ्या उभ्या मांडलं:
पंचावन्न किलोचा माणूस,
साठ टक्के पाणी,
तेहतीस लिटर.
माझ्या दोन बादल्या.
त्यांच्या मुलाच्या पाठीवर, सदऱ्यावर,
घाम वाळून पांढरी किनार उमटली होती.
मीठ तेवढं मागे राहतं.
परातीच्या तळाशीही थर बसतो,
महिन्याच्या महिन्याला मी तो काथ्यानं घासते.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पाणी भरलं.
अठरा लिहिलं.

जुलैत, सतरा तारखेला, उईके म्हणून नवा पोरगा
मोजपात्र डोळ्यांसमोर धरून ओरडला,
"अठ्ठावीस!"
बागडे असते तर आधी घसा साफ केला असता.
परात सुईच्या वर गेलेली.
अशा दिवशी भरायचं नसतं, काढायचं असतं.
मी मापानं काढत गेले.
दोन बादल्या निघाल्या.

फेकून द्यायच्या असतात.
मी त्या दुपारपर्यंत ऑफिसच्या पायरीवर ठेवल्या,
उईकेनं दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं, राहू दे.
बारा वीसला बाहेर आले.
आभाळ राखेच्या रंगाचं,
त्याच्या पलीकडे तो नेमका डोक्यावर असणार.
खाली पाहिलं, ओल्या सिमेंटवर
कुणाचीच सावली नव्हती,
खांबाची नाही, माझी नाही.

चिंचेच्या बुंध्याला कोंब आला होता,
वीतभर, लालसर.
दोन्ही बादल्या तिथं रिकाम्या केल्या.
नियमाप्रमाणे तो कोंब
मी उपटायला हवा होता.