नावाबाबत एकमत नाही

वेल्ह्याच्या पुढं, डांबर संपून नुसती खडी उरते,
तिथल्या एका वाडीवर मोजणीला गेलो होतो.
नकाशात सगळं होतं: गट नंबर, हद्दीच्या खुणा, पोटखराबा.
नावं तेवढी नव्हती.

खेमा मरगळे पुढं चालायचा, काठीनं दाखवत.
हा चिलटांचा माळ. हे वाघजाळ. ती बोडकी.
"बोडकी का?"
"झाडं न्हाईत म्हणून."
मग दहा पावलं गेल्यावर, मागं न बघता,
"का कुणी बाई ऱ्हायची तिथं, दादला गेलेली.
झाडं मागनं गेली."

सोनारउडीच्या कड्यापाशी तीन गोष्टी निघाल्या.
एक सोनार चोरांना भिऊन पेटीसकट उडाला.
सोनार नाही, त्याची घोडी.
चांगुणा ढेबे शेणाचे हात तसेच धरून म्हणाली,
"सोनार कुठला आलाय हितं? सोनकी!
भादव्यात फुलं कड्यावरनं उड्या टाकत खाली येत्यात.
सोनकउडी ती.
तुमा लिवणाऱ्यांना ऐकाय कमी येतं."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: नावाबाबत एकमत नाही.

एका उताराला मात्र कुणाकडंच नाव नव्हतं.
खेमा म्हणाला,
"तिथं काय झालंच न्हाई अजून."

परतताना तिथंच माझा पाय सटकला.
मी कारवीला धरून राहिलो, डबा गेला.
आधी झाकण, मग चपात्या, मग मेथी,
आणि मेथीच्या मागं खेमाचं कुत्रं.
हसून हसून आम्ही खाली बसलो.
त्यानं फडक्यातली नाचणीची भाकरी मोडली, मोठा तुकडा मला दिला.
यातलं काही दफ्तरात नाही.

सहा वर्षांनी फेरमोजणी निघाली.
साखळी गेली होती, खांद्यावर रोव्हर होता,
आकाशातनं आकडे येत होते.
खेमाला आता दिसत नव्हतं. त्याची नात आली वाट दाखवायला,
पाठीवर शाळेचं दप्तर, तसंच.

चिलटांचा माळ. वाघजाळ. बोडकी.
त्या उताराशी ती थांबली.
"ही मोजणीवाल्याची घसर.
हितनं एक सायेब पडला हुता."
"मग?"
"मग काय. मेला.
नुसता डबा घावला."

मी टोपी काढून घाम पुसला.
नाव लिहून घेतलं, ठळक, काना-मात्रा तपासून.
आधार: स्थानिकांच्या सांगण्यावरून.

मग कारवीला धरत, बाजूबाजूनं,
जपून
उतरलो.