नऊ हजार चारशे

पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप, मजुरी.
मौलाली शेतसंदीनं सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं
आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या,
म्हणजे आता घासाघीस नाही.

अक्कलकोट रोडला दुपारचे दोन.
बॉनेटवर हात ठेवला तर कातडं निघेल.
"दाखव की," म्हटलं, "खराब झालाय तर दाखव."
"झाकणाच्या आत असतो अण्णा.
आणि झाकण काढलं तरी चांगलाच दिसेल.
हा कुरकुर करत नाही. हा तुटतो."

बार्शीच्या मास्तरांनी गाडी विकताना सांगितलं होतं,
पट्टा बदललाय.
पावती?
असेल म्हणाले कुठंतरी,
आणि खणातून मुलीची लग्नपत्रिका काढून दिली.

मी तीस वर्षं जॉबर.
पट्ट्यांचं मला कुणी शिकवू नये.
लूमचा पट्टा आधी सांगतो,
सटकतो, जळका वास सोडतो, कापडात पट्टी पाडतो.
आणि तुटलाच तर लूम थांबतं. बस.
चहा येईस्तोवर जोडून पुन्हा चालू.

"इंजिनाचं तसं नाही."
मौलालीनं एका हाताची मूठ केली,
दुसऱ्या हाताची बोटं वरून सोडली.
मूठ वर आली, बोटं उचलली गेली.
मूठ खाली, बोटं खाली.
जागा एकच, पण एकमेकांना शिवणं नाही.
"पट्टा गेला की वेळ चुकते. मग दोघं एकदमच."
मूठ बोटांवर आपटली.
"मग चाळीस हजार. गाडीच साठाची."

मी त्याच्या काळ्या हातांकडे बघत राहिलो.

साखर पेठेतल्या खोलीत आमची खाट एकच होती.
मी पहिल्या पाळीला, अंबादास रात्रपाळीला.
माझ्या अंगानं कोमट झालेल्या चादरीवर
तो येऊन पडायचा.
अकरा वर्षं.
भांडण नाही, बोलणंही फारसं नाही.
सकाळी उंबऱ्यात भेटायचो,
एकानं चपला काढायच्या, दुसऱ्यानं घालायच्या.
मिलचा भोंगा बंद झाला त्या वर्षी
दोघं एकाच वेळी घरात.
सहा महिनेही लागले नाहीत.
नेमकं काय मोडलं
ते अजून कुणी खोलून बघितलेलं नाही.

राजमणीनं घरी एवढंच विचारलं,
"टाकीच्या पैशातलेच ना?"
पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडं.
टाकी नसली तर ते दिसतं,
हंडे, कळश्या, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा.
"आणि पट्टा घातला, आणि परवा गिअर गेला तर?"
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
"नाही घातला, आणि नळदुर्गच्या रस्त्याला
रात्रीचं मधेच..."
तिनं शेंगा कुटायला घेतल्या.
ती कुटत असताना बोलून उपयोग नसतो.

दोन दिवस गाडी दारात होती.
एकदा नुसतीच चालू केली, कान लावला, बंद केली.
शेजारच्या पोरानं विचारलं, काय ऐकताय ओ?

गुरुवारी नेऊन लावली.
संध्याकाळी जुना पट्टा मागून घेतला,
उजेडात धरला, उलटा वाकवला,
अंगठ्यानं एकेक दात चाचपला.
एक चीर नाही.
"चांगला होता की रे."
"होता," मौलाली म्हणाला, आणि नोटा मोजल्या.
वरचे चारशेही सोडले नाहीत.

गाडीचा आवाज तोच, कालचाच.
शेजारच्या सीटवर जुना पट्टा, गोल पडलेला.
अशोक चौकात डावीकडं आमचं घर.
उजवीकडं गेलं तर अंबादास राहतो,
राहत असेल अजून.
सिग्नल कधी हिरवा झाला कळलं नाही.
मागून रिक्षावाला ओरडला,
"अण्णा, बंद पडली काय?"